त्वचाप्रसाधने : भ्रामक जाहिरात व घटकनिर्देश

त्वचा स्वच्छ, मऊ, सतेज वा उजळ दिसावी म्हणून बाहेरून लावावयाच्या क्रीम, लोशन, पावडर, लेप इ. पदार्थांना त्वचाप्रसाधने म्हणतात. त्यांच्या विक्रीत ग्राहकासमोर दोन प्रकारचा मजकूर येतो. एक म्हणजे उत्पादकाचा दावा. तो प्रसाधनाच्या नावात, वेष्टनाच्या दर्शनी भागावर आणि जाहिरातीत ठळकपणे दिलेला असतो. दुसरा म्हणजे घटकद्रव्यांचा निर्देश. तो वेष्टनाच्या मागील बाजूस, बहुधा बारीक अक्षरांत असतो. दावा खोटा, अतिशयोक्त वा अर्धसत्य असेल किंवा त्यामुळे ग्राहकाचा गैरसमज होण्याचा संभव असेल, तर ती जाहिरात भ्रामक मानली जाते. दावा ही विक्रेत्याने आपण होऊन दिलेली माहिती असते, तर घटकनिर्देश त्याला कायद्याने भाग पाडून मिळविलेला असतो. पहिल्या प्रकारचा मजकूर फार जुना आहे. दुसरा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात रूढ झाला.

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट सातत्याने आढळते. त्वचेवर लावावयाच्या पदार्थास औषधाचे कठोर नियम लागू व्हावेत की प्रसाधनाचे सौम्य, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व त्याच धर्तीची व्याख्या स्वीकारणाऱ्या भारतासारख्या देशांत मुख्यतः त्यातील द्रव्यांवरून नव्हे, तर विक्रेत्याने सांगितलेल्या हेतूवरून ठरत आले आहे. परिणामी जाहिरातीची भाषा ही केवळ विक्रीची भाषा राहिली नाही. कायद्याची सीमारेषा कोठे पडावी, हेही तीच ठरवू लागली. घटकनिर्देशाच्या मागणीचा उगम या परिस्थितीत आहे आणि त्याच्या मर्यादाही तिच्यातूनच उद्भवल्या आहेत.

पूर्वपीठिका : चेहरा गोरा दिसावा म्हणून सफेता (शिशाचे कार्बोनेट) लावण्याची प्रथा प्राचीन ग्रीस व रोम येथे होती. यूरोपात ती अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. अशी प्रसाधने घरी, वैदूकडे किंवा गंध्याच्या दुकानात तयार होत आणि त्यांतील द्रव्ये वापरणाऱ्यास सामान्यतः ठाऊक असत. एकोणिसाव्या शतकात बाटलीबंद, विशिष्ट नावाने विकला जाणारा तयार माल बाजारात आला, वृत्तपत्रांतील जाहिरातींमुळे तो दूरवर पोहोचला आणि त्याची कृती हे उत्पादकाचे व्यापारी गुपित बनले. वापरणारा व कृती यांच्यातील दुरावा येथपासून सुरू झाला.

अमेरिकेत विकले जाणारे ‘लेअर्ड्स ब्लूम ऑफ यूथ’ हे द्रव प्रसाधन याचे ठळक उदाहरण होय. तारुण्याचा बहर हे त्याच्या नावातच होते. न्यूयॉर्क येथील शल्यविशारद ल्यूइस सेअर (१८२०–१९००) यांनी १८६९ मध्ये ते वापरणाऱ्या तीन तरुण स्त्रियांच्या हातांना पक्षाघात झाल्याचे प्रसिद्ध केले. हा शिशाच्या विषबाधेचा परिणाम होता. त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रेडरिक चँडलर (१८३६–१९२५) यांनी न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठी बाजारातील प्रसाधनांचे पृथक्करण केले आणि त्यांपैकी अनेकांत शिसे असल्याचे दाखविले. सरकारी यंत्रणेने प्रसाधनांची रासायनिक तपासणी करून तिचे निष्कर्ष लोकांपुढे मांडल्याचे हे आरंभीचे उदाहरण आहे. तथापि त्यातून उत्पादकावर घटक जाहीर करण्याचे कोणतेही बंधन आले नाही.

घातक द्रव्य नेहमी लपविलेलेच असे, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वर्ण उजळविण्यासाठी सोमलयुक्त वड्या पोटात घेण्याकरिता विकल्या जात. त्यांतील एका प्रसिद्ध वडीच्या नावातच आर्सेनिक आणि ‘निर्धोक’ हे दोन्ही शब्द होते. घटक उघड सांगितलेला होता. खोटे होते ते त्याच्या निर्धोकपणाविषयीचे आश्वासन. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकात ‘थो-रादिया’ नावाच्या क्रीममध्ये थोरियम व रेडियम यांची संयुगे असत. तीच त्याची मुख्य जाहिरात होती, कारण त्या काळी रेडियमला चैतन्यदायी द्रव्य म्हणून प्रतिष्ठा होती. कृतीचे श्रेय आल्फ्रेड क्यूरी नावाच्या एका डॉक्टरला दिलेले होते. मारी व प्येर क्यूरी या विख्यात वैज्ञानिक दांपत्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. परंतु आडनावामुळे होणारा गैरसमज विक्रीस पोषकच ठरला. घटकांची माहिती मिळणे व त्या माहितीचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील १९३८ चा कायदा : हार्व्ही वायली (१८४४–१९३०) यांच्या प्रयत्नांतून १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा संमत झाला. औषधात मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन यांसारखी ठरावीक द्रव्ये असल्यास लेबलावर तसे नमूद करणे या कायद्याने आवश्यक केले. कायद्याच्या आधीच्या मसुद्यांत प्रसाधनांचाही विचार झाला होता. परंतु अंतिम कायद्यात त्यांना स्थान मिळाले नाही. रोग बरा करण्याचा दावा नसेल, तर प्रसाधन या कायद्याच्या कक्षेबाहेर राही. म्हणजे त्यात काय आहे यापेक्षा त्याविषयी काय म्हटले आहे, हाच निर्णायक मुद्दा होता.

या पोकळीचे परिणाम पुढील तीन दशकांत दिसून आले. ‘कोरेम्लू’ हे अनावश्यक केस काढण्याचे क्रीम १९३० च्या सुमारास बाजारात आले. त्यात थॅलियम ॲसिटेट हे विषारी द्रव्य होते. ते त्वचेतून शरीरात शिरून मज्जातंतूंचे विकार उद्भवत, डोक्यावरचे केस गळत व दृष्टीही अधू होई. नुकसानभरपाईच्या दाव्यांपुढे कंपनीचे दिवाळे निघाले. पण तत्कालीन कायद्यानुसार सरकारला तो माल जप्त करता आला नसता. १९३३ मध्ये ‘लॅश ल्यूर’ या पापण्या काळ्या करण्याच्या रंगामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. त्यातून अंधत्व आल्याची, तसेच एका स्त्रीचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यातील रंगद्रव्य पॅराफेनिलीनडायामीन या वर्गातील होते.

आर्थर कॅलेट व एफ्. जे. श्लिंक यांच्या १९३३ सालच्या वन हंड्रेड मिल्यन गिनी पिग्ज या पुस्तकाने अन्न, औषधे व प्रसाधने यांच्या ग्राहकांवर नकळत प्रयोग चालू असल्याचा आरोप केला व ते अतिशय खपले. त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासनाने घातक व फसव्या मालाचे एक प्रदर्शन भरविले. वृत्तपत्रांनी त्यास ‘भयालय’ अशा अर्थाचे नाव दिले. कोरेम्लू व लॅश ल्यूर यांचे नमुने त्यात होते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट (१८८४–१९६२) यांनीही त्याची दखल घेतली. उत्पादकांचा व जाहिरातीवर अवलंबून असलेल्या वृत्तपत्रांचा विरोध असल्याने विधेयक पाच वर्षे रेंगाळले. अखेर २५ जून १९३८ रोजी अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा अस्तित्वात आला आणि त्याखाली जप्त झालेला पहिला माल लॅश ल्यूर हाच होता. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या व्हीलर-ली दुरुस्तीने प्रसाधनांच्या खोट्या जाहिरातींवर कारवाई करण्याचे अधिकार फेडरल ट्रेड कमिशनला दिले. अशा रीतीने लेबल एका यंत्रणेकडे व जाहिरात दुसरीकडे, अशी विभागणी झाली.

या कायद्याने घातक प्रसाधनांवर व खोट्या लेबलांवर बंदी आली. परंतु बाजारात आणण्यापूर्वी प्रसाधनाची सुरक्षितता सिद्ध करण्याची अट त्यात नव्हती व घटकांची यादी छापण्याचीही नव्हती. कोळशाच्या डांबरापासून केलेल्या केसांच्या कलपांना इशारा छापण्याच्या अटीवर सूट मिळाली. कायद्यातील व्याख्या पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या. शरीर स्वच्छ, सुंदर वा आकर्षक करण्याच्या किंवा त्याचे बाह्य रूप बदलण्याच्या हेतूने लावावयाचा पदार्थ म्हणजे प्रसाधन. तर रोगावर उपचार करण्याच्या अथवा शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडविण्याच्या हेतूने वापरावयाचा पदार्थ म्हणजे औषध, असे ठरले. हेतू ओळखावयाचा तो मुख्यतः विक्रेत्याच्या शब्दांवरून.

जाहिरातीची भाषा व न्यायालये : ‘चार्ल्स ऑफ द रिट्झ’ या कंपनीच्या एका क्रीमच्या नावाचा अर्थ पुनर्यौवन असा होता. फेडरल ट्रेड कमिशनने या नावास हरकत घेतली आणि १९४४ मध्ये अपील न्यायालयाने ती उचलून धरली. त्वचेचे तारुण्य क्रीमने परत येत नाही हे कोणीही जाणतो, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला. कायदा केवळ जाणकारांसाठी नसून अजाण, अविचारी व भोळ्या लोकांच्या संरक्षणासाठीही आहे, हे तत्त्व या निर्णयाने दृढ झाले. प्रसाधनाचे नाव हासुद्धा एक दावा असतो, हेही त्यातून मान्य झाले.

१९६० नंतरच्या दशकात सुरकुत्या घालविणाऱ्या द्रवांचे जे खटले झाले, त्यांत व्याख्येतील पेच सर्वांत स्पष्टपणे उघड झाला. हेझल बिशप कंपनीचे ‘सडन चेंज’, कोटी कंपनीचे ‘लाइन अवे’ व हेलीन कर्टिस कंपनीचे ‘मॅजिक सीक्रेट’ या तिन्ही प्रसाधनांचा मुख्य घटक एकच, म्हणजे गुरांच्या रक्तरसापासून काढलेले अल्ब्युमीन हे प्रथिन, होता. त्याचा विद्राव त्वचेवर वाळला की पातळ पापुद्रा तयार होतो, त्वचा ताणली जाते आणि सुरकुत्या तात्पुरत्या दिसेनाशा होतात. चेहरा धुतला की त्या पुन्हा दिसू लागतात. १९६९ मध्ये न्यायालयांनी पहिली दोन प्रसाधने औषधे ठरविली. पहिल्याच्या जाहिरातीत शस्त्रक्रियेवाचून चेहरा उचलून घेण्याची भाषा होती. दुसऱ्याच्या जाहिरातीत औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेचा व निर्जंतुक वातावरणाचा उल्लेख होता. तिसऱ्याचे दावे तुलनेने माफक असल्याने ते १९७१ मध्ये प्रसाधनच ठरले. म्हणजे जवळजवळ समान असलेली द्रव्ये शब्दांमुळे कायद्याच्या दोन वेगवेगळ्या वर्गांत गेली.

उद्योगाने यापासून जो धडा घेतला तो द्रव्यांविषयी नव्हता, शब्दांविषयी होता. सुरकुत्या ‘नाहीशा होतात’ याऐवजी त्या ‘कमी दिसतात’, त्वचा ‘तरुण होते’ याऐवजी ती ‘तरुण भासते’, अशी वाक्यरचना रूढ झाली. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. सामान्य वाचकाच्या मनावर उमटणारा ठसा मात्र बहुधा एकच असतो. ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्नही होत राहिले. १९६७ मध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रतिरोपण करणारे शल्यविशारद क्रिस्तिआन बर्नार्ड (१९२२–२००१) यांच्या नावाचा आधार घेऊन १९८६ मध्ये ‘ग्लायसेल’ हे क्रीम आणण्यात आले. वार्धक्य मागे हटविण्याच्या अशा दाव्यांची दखल घेऊन अन्न व औषध प्रशासनाने १९८७ मध्ये अनेक प्रसाधन कंपन्यांना इशारापत्रे पाठविली. पेशींच्या पातळीवर परिणाम होतो असे म्हणावयाचे असेल, तर तो पदार्थ औषध म्हणून सिद्ध करावा, असा त्यांचा आशय होता.

घटकसूचीचा उदय : फ्रान्समध्ये १९७२ साली ‘मोरांझ’ नावाच्या बालकांच्या टाल्कम पावडरीमुळे ३६ मुले दगावली. कारखान्यात झालेल्या चुकीमुळे पावडरीत हेक्झॅक्लोरोफीन हे जंतुनाशक सुमारे ६ टक्के इतक्या प्रमाणात मिसळले गेले होते आणि मेंदूवर त्याचा घातक परिणाम झाला. नित्याची निरुपद्रवी वस्तू म्हणून पावडरीकडे कोणाचे लक्ष गेले नाही व मृत्यूंचे कारण उमगण्यास काही महिने लागले. या दुर्घटनेनंतर फ्रान्समध्ये १९७५ मध्ये प्रसाधनांविषयी स्वतंत्र कायदा झाला. २७ जुलै १९७६ रोजी यूरोपीय आर्थिक समुदायाने सर्व सदस्य देशांसाठी प्रसाधनविषयक निर्देश काढला. निषिद्ध व मर्यादित द्रव्यांच्या सूची हे त्याचे वैशिष्ट्य होते. अमेरिकेने शब्दांवर भर दिला होता. यूरोपने या टप्प्यावर द्रव्यांवर भर दिला.

घटकसूचीच्या बाबतीत मात्र अमेरिकेने आघाडी घेतली. वेष्टन व लेबल यांविषयीच्या १९६६ च्या कायद्याच्या आधारे अन्न व औषध प्रशासनाने १९७३ मध्ये किरकोळ विक्रीच्या प्रसाधनांवर घटकसूची छापण्याचा नियम केला. न्यायालयीन वाद व मुदतवाढ यांमुळे तो त्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्षात आला. सर्वाधिक प्रमाणात असलेले द्रव्य प्रथम व त्यानंतर उतरत्या क्रमाने इतर, ही मांडणी त्याने रूढ केली. एकाच द्रव्यास अनेक व्यापारी नावे असल्यास सूची निरुपयोगी ठरते, म्हणून उद्योगाच्या संघटनेने त्याच वर्षी घटकनामांचा कोश प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय घटकनामपद्धती विकसित झाली. यूरोपात १९९३ च्या दुरुस्तीने संपूर्ण घटकसूची आवश्यक झाली व १९९७ च्या आरंभापासून ती लागू झाली.

सूचीच्या मर्यादा : घटकसूचीने त्वचेच्या अधिहर्षतेच्या (ॲलर्जीच्या) रुग्णांची मोठी सोय झाली. आपणास न सोसणारे द्रव्य कोणत्या प्रसाधनात आहे, हे त्यांना व त्यांच्या डॉक्टरांना पडताळता येऊ लागले. पण या पद्धतीत काही उणिवा आहेत. पहिली म्हणजे सूचीत द्रव्यांचा क्रम असतो, प्रमाण नसते. एक टक्क्याहून कमी असलेली द्रव्ये कोणत्याही क्रमाने देता येतात. त्यामुळे वेष्टनावर ठळकपणे मिरविलेली वनस्पती वा जीवनसत्त्व नाममात्र असले, तरी सूचीवरून ते निश्चितपणे कळत नाही.

दुसरी उणीव सुगंधाविषयीची आहे. सुगंधी मिश्रणात अनेक द्रव्ये असू शकतात. परंतु व्यापारी गुपित म्हणून ती सर्व एकाच शब्दाखाली देण्याची मुभा ठेवण्यात आली. सुगंधी द्रव्ये ही तर स्पर्शजन्य त्वचाशोथाच्या प्रमुख कारणांपैकी आहेत. यूरोपात २००५ पासून अधिहर्षता निर्माण करणारी २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणाहून अधिक असल्यास नावानिशी देणे आवश्यक झाले आणि २०२३ च्या नियमाने अशा द्रव्यांची संख्या ऐंशीहून अधिक केली.

तिसरी उणीव अशी, की सूचीमुळे दर्शनी भागावरील शब्दांना आळा बसत नाही. अधिहर्षता कमी संभवते, अशा अर्थाचा ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द याचे उदाहरण आहे. तो वापरावयाचा तर प्रत्यक्ष चाचण्यांचा आधार हवा, असा नियम अमेरिकेच्या प्रशासनाने १९७५ मध्ये केला. दोन कंपन्यांनी त्यास आव्हान दिले व १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरविला. तेव्हापासून तेथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. तो लेबलांवर मात्र कायम आहे.

भारत : भारतात औषधांविषयीचा १९४० चा कायदा १९६२ मध्ये दुरुस्त करून त्यात प्रसाधनांचा समावेश करण्यात आला. २७ जुलै १९६४ पासून तो औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम या नावाने लागू झाला. त्यातील प्रसाधनाची व्याख्या अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातील व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. साबण आरंभी तिच्याबाहेर होता. १९८२ च्या दुरुस्तीने ही सूट रद्द झाली. लेबलावरील खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या विधानामुळे प्रसाधन ‘मिथ्याछापाचे’ ठरते. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये झाला. परंतु त्याचा रोख ठरावीक विकारांवरील उपचारांच्या जाहिरातींवर होता. वर्ण उजळविण्याचा दावा त्याच्या अनुसूचीत नव्हता. तो घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रसिद्ध केला.

मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लीव्हर कंपनीने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम बाजारात आणले. नायासिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) हा त्याचा प्रमुख क्रियाशील घटक होय. या वर्गातील प्रसाधनांच्या जाहिरातींविषयीचा मुख्य आक्षेप घटकांपेक्षा आशयावर होता. सावळी मुलगी नोकरीत व विवाहात मागे पडते व वर्ण उजळताच तिचे भाग्य उघडते, ही कथा त्यांत वारंवार येई. महिला संघटनांनी तीविरुद्ध आवाज उठविला. भारतीय जाहिरात मानक परिषद (स्थापना १९८५, मुंबई) हिने २०१४ मध्ये त्वचा उजळविणाऱ्या प्रसाधनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सावळ्या वर्णाच्या व्यक्ती दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. २०२० मध्ये कंपनीने क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून ते ‘ग्लो अँड लव्हली’ असे केले.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहता मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियमात १९८४ मध्ये अनुचित व्यापार प्रथांविषयीच्या तरतुदी आल्या, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम झाला व त्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली. त्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि जून २०२२ मध्ये भ्रामक जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा आणि त्याने दाव्याचा अर्थ फिरवू नये, ही त्यांतील तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. ती जाहिरातीतील खुलाशाला लागू आहे. घटकसूची सामान्यतः इंग्रजीत व वनस्पतींच्या लॅटिन नावांसह असते. त्यामुळे मराठीत जाहिरात ऐकून माल घेणाऱ्या ग्राहकास दावा त्याच्या भाषेत मिळतो, घटक मात्र परक्या भाषेत.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार घटकसूची उतरत्या क्रमाने देणे आवश्यक आहे. परंतु ६० मिलि.पेक्षा कमी द्रव व ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वा अर्धघन मालाच्या वेष्टनास तीतून सूट आहे. भारतात लहान पुड्या व छोट्या नळ्या यांचा खप मोठा असल्याने ही सूट किरकोळ म्हणता येणार नाही. याच नियमांनी डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर प्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्ष भागांत एक भाग अशी ठेवली आहे.

पाऱ्याची संयुगे त्वचेतील मेलॅनीन या रंगद्रव्याच्या निर्मितीत अडथळा आणतात. म्हणून वर्ण लवकर उजळल्यासारखा दिसतो. पारा त्वचेतून शरीरात शिरतो व वृक्कांना (मूत्रपिंडांना) इजा करतो. २०२२-२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना वृक्कविकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील पटलीय वृक्कविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ रुग्णांत या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळविणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. शिसे असलेल्या ‘ब्लूम ऑफ यूथ’नंतर दीडशे वर्षांनी घडलेल्या या घटनांत मूळ परिस्थिती फारशी बदललेली दिसत नाही, वापरणाऱ्यास दावा ठाऊक होता, द्रव्य ठाऊक नव्हते.

स्टेरॉइडयुक्त मलमांची गोष्ट वेगळी आहे. ती औषधेच असून त्यांचे घटकही वेष्टनावर दिलेले असतात; तरीही गोरेपणाचे क्रीम म्हणून ती चिठ्ठीवाचून घेतली जात. दीर्घ वापराने त्वचा पातळ होणे, चेहरा लाल होणे, लव वाढणे व मलम थांबविताच त्रास बळावणे असे परिणाम होतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या प्रयत्नांनंतर २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई करण्यात आली.

अलीकडील घडामोडी : यूरोपीय संघाने २००९ मध्ये जुन्या निर्देशाऐवजी थेट लागू होणारा नियम केला व तो २०१३ पासून पूर्णपणे अंमलात आला. २०१३ च्याच दुसऱ्या नियमाने दाव्यांसाठी सहा निकष ठरविले : कायद्याशी सुसंगती, सत्यता, पुराव्याचा आधार, प्रामाणिकपणा, न्याय्यता व ग्राहकास जाणतेपणी निवड करता येणे. अमेरिकेत लॉरेआल कंपनीची काही प्रसाधने जनुकांची क्रियाशीलता वाढवितात, या दाव्यास पुरेसा आधार नसल्याचे फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये म्हटले आणि तडजोडीनुसार कंपनीने असे दावे पुराव्यावाचून न करण्याचे मान्य केले. १९३८ नंतर तब्बल ८४ वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, तेथील प्रसाधनविषयक कायद्यात मोठी सुधारणा झाली. कारखान्यांची व उत्पादनांची नोंदणी, सुरक्षिततेचा पुरावा जवळ बाळगणे, गंभीर दुष्परिणाम कळविणे आणि अधिहर्षताजनक सुगंधी द्रव्ये लेबलावर देणे या गोष्टी तिने उत्पादकावर बंधनकारक केल्या. सुगंधी द्रव्यांचा तपशील नियमांनी ठरवावयाचा आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात (२०१३) प्रसाधनांतील पाऱ्याची एक दशलक्षांश भागाची मर्यादा होती. २०२३ च्या परिषदेत ती काढून टाकून, पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करावीत, असे ठरले.

मूल्यमापन : घटकसूची व दाव्यांवरील नियंत्रण हे दोन उपाय स्वतंत्रपणे विकसित झाले आणि त्यांच्यातील अंतर अद्याप भरून आलेले नाही. सूची प्रामाणिक उत्पादकास बांधते. पारा मिसळणारा उत्पादक तो सूचीत लिहीत नाही. त्याच्यासाठी बाजारातील नमुन्यांचे नियमित पृथक्करण हाच उपाय आहे, जो चँडलर यांनी एकोणिसाव्या शतकातच अवलंबिला होता. उलट सर्व घटक खरे दिलेले असूनही दावा फोल असू शकतो. तेथे पुराव्याचा भार विक्रेत्यावर टाकावा लागतो. आणि घटक उघड असूनही त्याचा अर्थ ग्राहकाला कळत नसेल, तर सोमलाच्या वडीपासून स्टेरॉइडच्या मलमापर्यंत जे घडले तेच पुन्हा घडते. त्वचेवर लावलेले द्रव्य शरीरावर जो परिणाम करते, तो विक्रेत्याच्या हेतूवर अवलंबून नसतो. कायद्याचे वर्गीकरण मात्र अद्याप बऱ्याच अंशी त्या हेतूवरच उभे आहे. घटकांचे प्रमाण, त्यांच्या परिणामाचा पुरावा व दावा या तिन्ही गोष्टी ग्राहकाला कळेल अशा भाषेत एकत्र देण्याची पद्धती कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत अजून पूर्णपणे प्रस्थापित झालेली नाही.